ऑपरेशननंतरचा व्यायाम कुणासमोर करायचा?

गेल्या महिन्यात एका बाईंनी मला एक प्रश्न विचारला, आणि हाच प्रश्न मला इतक्या वेळा ऐकायला मिळतो की आज नीट बसून लिहायचंच ठरवलं. त्यांचं आतड्यातल्या गाठीचं ऑपरेशन होऊन सात आठवडे झालेत, जखम भरलीय, सर्जन म्हणाले आता व्यायामाला लागा, फिजिओ म्हणतात आठवड्यातून तीनदा सेंटरला या. आणि यांचं म्हणणं, "मॅडम, मला घरीच करायचाय. पण घरातले सगळे म्हणतात की घरी तू करणारच नाहीस, आणि चुकीचं काही केलंस तर टाके उसवतील. माझं चुकतंय का?"

चुकत नाहीये. पण एवढंच सांगून मला थांबता येत नाही, कारण "घरीच करायचाय" ह्याच्या मागे काय काय दडलेलं असू शकतं हे मला एका ताईंमुळे कळलं, आणि कळायला मी वेळ लावला, त्या वेळाची किंमत त्यांनी भरली. मी कॅन्सरच्या पेशंट्ससोबत समुपदेशक म्हणून काम करते. ताईंना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं गाळलंय.

ताईंना स्तनाचा कॅन्सर होता. आधी केमो झाली, मग ऑपरेशन, त्यात काखेतल्या लसिका गाठी (लिम्फ नोड्स) पण काढल्या, आणि पुढे रेडिएशन व्हायचं होतं. आता ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, ह्या रेडिएशनच्या वेळी टेबलावर झोपून त्या बाजूचा हात डोक्याच्या वर न्यावा लागतो आणि काही मिनिटं अजिबात न हलवता तसाच ठेवावा लागतो. ताईंचा हात खांद्याच्या रेषेपर्यंत पण येत नव्हता. ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी, काढून झाली तरी त्या हात पोटाशी घट्ट धरूनच चालायच्या, जणू प्लास्टर घातलंय. डॉक्टरांनी फिजिओकडे पाठवलं, तीन सिटिंग झाली आणि ताई यायच्या बंद. फोन केला की "आज बरं नाही", "उद्या बघते". मग त्यांना माझ्याकडे पाठवलं आणि चिठ्ठीत लिहिलं होतं, मोटिव्हेशन कमी. तेव्हा मला ते वाचून काही वाटलं नाही. आता हे दोन शब्द कुठे दिसले की मला राग येतो, खरंच येतो, कारण चिठ्ठी लिहिणाऱ्याने एकदाही "का येत नाही" असं विचारलेलं नसतं.

पहिल्या भेटीत ताई म्हणाल्या, "मॅडम मी घरी करीन ना, त्यांनी कागद दिलाय चित्रांचा." आणि मी काय केलं तर मी त्यांना समजावत बसले. माझ्याकडे माहिती होती ना. मी त्यांना सांगितलं की २०१७ साली ३४ अभ्यासांमधल्या साडेचार हजार पेशंट्सची माहिती एकत्र करून तपासली गेली, आणि त्यात व्यायामाने कॅन्सरच्या पेशंट्सचं रोजचं जगणं आणि अंगातली ताकद सुधारते हे तर दिसलंच, पण कुणाच्या तरी देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांना एकट्याने करणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा झाला असंही दिसलं. मग ब्रिटनमधल्या प्रॉस्पर नावाच्या अभ्यासाचं सांगितलं, २०२१ साली आलेला, ३९२ बायका, सगळ्या स्तनाच्या ऑपरेशननंतर खांदा आखडायची शक्यता जास्त असलेल्या. त्यात निम्म्या बायकांना फिजिओनी आठवडा-दहा दिवसांतच व्यायाम सुरू करून दिला, बाकीच्यांना फक्त माहितीपत्रकं, आणि वर्षाने बघितलं तर पहिल्या गटाचा हात जास्त चांगला चालत होता.

हे सगळं खरं आहे. आजही खरंच आहे. ताईंनी नीट ऐकून घेतलं, मान हलवली, "बरं" म्हणाल्या आणि सेंटरला गेल्याच नाहीत. पेशंटचं ते "बरं" मला आता ऐकू येतं. ते होकाराचं नसतं, ते "तुमचं बोलून झालं असेल तर मी निघू का" असं असतं.

दुसऱ्या भेटीला त्यांनी डायरी आणली होती. रोजच्या रोज टिक, आठही व्यायामांपुढे, एक दिवस सुटलेला नाही. आणि हात तिथेच, खांद्याच्या खाली. मी पान उलटत होते आणि लक्षात आलं की दहा दिवसांच्या सगळ्या टिका एकाच पेनाच्या, एकाच तिरकेपणाच्या, सलग मारत गेल्यासारख्या. मी काही बोलले नाही, डायरी मिटून बाजूला ठेवली आणि विचारलं की ताई, त्या तिसऱ्या सिटिंगला काय झालं होतं? हा प्रश्न खरं तर पहिल्या भेटीतच विचारायला हवा होता.

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग सांगितलं. व्यायामाची खोली मोठी, एका भिंतीला पूर्ण आरसा, एका वेळी चार-पाच पेशंट. ताई ऑपरेशनच्या बाजूला, स्तनाच्या जागी, आत कापडी पॅड ठेवायच्या, हलका कापसाचा देतात ना सुरुवातीला, तो. काठी दोन्ही हातांनी धरून वर न्यायचा व्यायाम चालू होता आणि हात वर जाताना पॅड सरकत सरकत गळ्यापर्यंत आला. तिथली एक लहान मुलगी, मदतनीस, अगदी मायेने जवळ येऊन म्हणाली, "काकू, तुमच्या शर्टात काहीतरी वर आलंय." तिचा काही दोष नाही, तिने हळूच सांगितलं. पण ताईंनी त्याच क्षणी समोर आरशात बघितलं, आणि आरशात बाकीचे चार जण पण दिसत होते.

"त्यांनी बघितलं का हो तुमच्याकडे?" मी विचारलं.

"माहीत नाही मॅडम. मी बघितलं ना."

म्हणजे मी आकडे सांगत होते कशाबद्दल, तर देखरेख चांगली की वाईट. आणि ह्या बाईला देखरेखीचं काहीच वावडं नव्हतं, फिजिओ मॅडम त्यांना आवडायच्या सुद्धा. त्यांना त्या आरशासमोर परत उभं राहायचं नव्हतं. बस.

मग मी म्हटलं ठीक आहे, घरीच करू, आणि मला वाटलं प्रश्न सुटला. पण टिका तर खोट्या होत्या, म्हणजे घरी पण होत नव्हतं. मग घरी काय होतं? मी त्यांना म्हटलं की मला काल सकाळचं सगळं सांगा, उठल्यापासून, कागद हातात घेतला तिथपर्यंत.

तर घरचं असं. कागद फ्रीजच्या दारावर लावलेला, मिस्टरांनी लावला होता, सगळ्यांच्या लक्षात राहावं म्हणून. ताई भिंतीला बोटं लावून हात वर चढवायला लागल्या की सासूबाई म्हणणार, राहू दे गं, दुखेल, उद्या कर. मिस्टर कागद बघून म्हणणार, चित्रात कोपर सरळ आहे, तुझं वाकतंय. मुलगा मोबाईलवर व्हिडिओ काढणार, आई तुलाच दाखवायला काढतोय, प्रोग्रेस कळेल. तिघांचंही प्रेम आहे हो, मी भेटलेय सगळ्यांना. पण सेंटरला चार अनोळखी माणसं बघत होती, घरी तीन ओळखीची, आणि ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्यावरची काळजी बघत हात वर नेणं मला वाटतं जास्त अवघड. ताई म्हणाल्या, "हात दुखला की मी आधी त्यांच्या तोंडाकडे बघते. ते घाबरले की मी खाली घेते."

मग बेडरूमचं दार लावून करा, मी म्हटलं.

दाराला कडी लावायची नाही असं ठरलं होतं. केमो चालू असताना त्यांना एकदा चक्कर आली होती, आत दार लावलेलं, मिस्टरांना दार ढकलून उघडावं लागलं होतं, तेव्हापासून कडी लावणं बंद. आणि मग त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं की त्या व्यायाम करतात, रोज नाही पण करतात, पहाटे सगळे उठायच्या आधी, बाथरूममध्ये. तिथे कडी लावली तर कुणी विचारत नाही. टाइल्सवर बोटं चढवायच्या आणि टॉवेल अडकवायच्या दांडीला धरून खांदा ताणायच्या.

मला एकदम पोटात गोळा आला. ओली फरशी, एका हाताला ताकद नाही, काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूने दांडीला लोंबकळल्यासारखं धरायचं, आणि ही बाई कागदोपत्री "मोटिव्हेशन कमी". पहाटे उठून, लपून, थंड फरशीवर उभं राहून व्यायाम करणाऱ्या माणसाला आपण आळशी ठरवलं होतं. मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं, सॉरी म्हटलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्या रडल्या.

इथून पुढे मी माझा प्रश्न बदलला. घरी की सेंटरला, हे विचारायचं बंद केलं. तुम्ही व्यायाम करताना कोण बघितलेलं चालेल, कोण नाही, आणि चुकलं तर कुणी सांगितलेलं आवडेल, हे विचारायला लागले. ताईंचं उत्तर लगेच आलं: फिजिओ मॅडम चालतील, पण आरसा नको आणि दुसरे पेशंट नकोत. घरी कुणीच नको. इतकं स्पष्ट होतं त्यांच्या डोक्यात, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

मी फिजिओ मॅडमना फोन केला. त्यांनी एक मिनिटही वाद घातला नाही, उलट वाईट वाटलं त्यांना. सकाळी बाकीचे यायच्या आधी अर्धा तास त्या एकट्या ताईंसाठी देणार, आरशाकडे पाठ करून उभं राहायचं, ढगळ शर्ट, पॅड काढून ठेवायचा असेल तर काढून ठेवायचा. आठवड्यातून फक्त दोनदा. ताई नंतर सांगत होत्या की पहिल्या दिवशी हात वर नेताना त्या थांबल्या, सवयीने मॅडमच्या तोंडाकडे बघितलं, तर मॅडम घाबरलेल्या नव्हत्याच, त्यांनी विचारलं की दुखतंय की ताणतंय? "दोन वेगळं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." ताण बसतो तो सहन होतो आणि थांबलं की जातो, टोचल्यासारखं दुखलं किंवा थांबल्यावर पण ठणकत राहिलं तर तिथे थांबायचं. हे शिकायला मात्र समोर माहितगार माणूस लागतो, कागदावरच्या चित्रात ते येत नाही, आणि म्हणून मी अजूनही म्हणते की सुरुवातीचे काही दिवस तरी कुणीतरी बघावं.

घरचा भाग जास्त अवघड होता. मिस्टरांना बोलावलं. भला माणूस, आल्याआल्या म्हणाले की तुम्ही सांगाल ते करू. मी कडीचा विषय काढला आणि ते एकदम ताठ झाले. "आणि पडली तर?" त्या चक्करच्या दिवशी दाराबाहेर ते किती वेळ उभे होते, दार ढकलताना काय काय मनात आलं, हे त्यांनी तोपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोला पण नाही. ताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. त्यांना वाटत होतं की नवरा पहारा देतोय, आणि इकडे नवरा रोज त्या दाराबाहेरच उभा होता मनाने. त्या तासात व्यायामाचं बोलणं फारसं झालंच नाही.

शेवटी ठरलं ते असं. बेडरूमला कडी, पंचवीस मिनिटं. फोन आत ताईंच्या हाताशी. मिस्टर बाहेरच्या खोलीत बसणार, दाराशी नाही. संपलं की ताई आतून हाक मारणार, "झालं". बाथरूममधला व्यायाम एकदम बंद. कागद फ्रीजवरून काढून कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने. मुलाला सांगितलं की व्हिडिओ नको, आई म्हणेल तेव्हाच. आणि मिस्टरांना काहीतरी काम हवं होतं, रिकामे बसले असते तर परत दाराशी गेले असते, म्हणून संध्याकाळी दोघांनी मिळून चालायला जायचं, आणि चालताना व्यायाम ह्या विषयावर बोलायचं नाही ही अट ताईंची.

दोन आठवड्यांनी ताईंनी कपाटाच्या आतल्या बाजूचा फोटो दाखवला. त्यांनी तिथे पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या, बोटं रोज कुठपर्यंत पोचतात त्या. मुलांची उंची मोजतो तसं. डायरी त्यांनी फेकून दिली होती, आणि मी पण परत मागितली नाही. रेडिएशनच्या मार्किंगच्या दिवशी, म्हणजे रेडिएशन कुठे द्यायचं त्याच्या खुणा करतात तेव्हा, हात वर गेला, थोडा थरथरत होता पण गेला आणि राहिला.

आता हे इथे थांबवलं असतं तर गोष्ट छान झाली असती, पण पुढचं सांगणं जास्त गरजेचं आहे. रेडिएशनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात थकवा आला, तो थकवा ज्यांनी अनुभवलाय त्यांनाच कळतो, झोपून उठलं तरी जात नाही. पंचवीस मिनिटांची चार मिनिटं झाली. आणि एक दिवस ताईंचाच फोन, "मॅडम, मला आता एकटीला नको वाटतंय. दार लावलं की मी नुसती पलंगावर बसते. मी सेंटरला रोज येऊ का?" जी बाई तिथे पाय ठेवत नव्हती तीच. मला त्यात काही विरोधाभास वाटत नाही. माणूस थकतो तेव्हा त्याला दुसऱ्याच्या ठरवलेल्या वेळेचा, दुसऱ्याच्या "चला, सुरू करू"चा आधार लागतो, आणि ताकद आली की तोच आधार अडचण वाटायला लागतो. म्हणून पेशंटची पसंती एकदा फॉर्मवर लिहून फाइलला लावून टाकणं मला चुकीचं वाटतं. दर तीन-चार आठवड्यांनी परत विचारायला हवं.

नंतर एकदा हाताच्या सुजेची भीती आली. काखेतल्या गाठी काढल्या की हाताला सूज यायची शक्यता राहते, लिम्फेडेमा म्हणतात, आणि पूर्वी सगळीकडे सांगायचे की त्या हाताने काही जड उचलूच नका. सासूबाईंनी पण तेच ऐकलेलं. पण २००९ साली अमेरिकेतला एक अभ्यास आला, आधीच सूज असलेल्या १४१ बायकांचा, त्यांतल्या निम्म्यांना आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला लावली, अगदी हलक्यापासून सावकाश वाढवत, आणि सूज वाढली तर नाहीच, उलट सूज बळावण्याचे प्रसंग वजनं उचलणाऱ्यांमध्ये कमी झाले, १४ टक्के विरुद्ध २९ टक्के. मला त्यातली रचना फार आवडते: पहिले १३ आठवडे शिकवणाऱ्याच्या देखरेखीत, आणि मग वर्षाचा उरलेला काळ त्यांचं त्यांनी. ताईंना हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, आणि मला नाही कळलं सूज आलेली तर? मग फिजिओ मॅडमनी टेप घेऊन हातावर ठरावीक ठिकाणी मापं कशी घ्यायची ते दाखवलं. दोन हातांत दोन सेंटिमीटरहून जास्त फरक दिसला, किंवा हात जड वाटायला लागला, अंगठी-बांगडी घट्ट व्हायला लागली की लगेच दाखवायचं. अर्धा किलोपासून सुरुवात केली. व्हिडिओ कॉलवर महिन्यातून एकदा मॅडम बघायच्या.

उलट्या टोकाचे एक काका पण सांगते थोडक्यात, कारण सगळ्यांनाच एकटं राहायचं असतं असं नाही. मोठ्या आतड्याचं ऑपरेशन, केमो संपलेली. सेंटरला एक दिवस चुकवत नसत, सगळे त्यांचं कौतुक करायचे, आदर्श पेशंट. घरी मात्र एक जिना चढत नव्हते. बोटाला ते नाडी मोजायचं यंत्र नसेल आणि बाजूला फिजिओ नसेल तर चालायलाही घाबरायचे, आणि हे नऊ महिने चाललं, कुणाच्या लक्षात आलं नाही कारण हजेरी पूर्ण होती ना. त्यांना मी चॅलेंज नावाच्या अभ्यासाचं सांगितलं, २०२५ साली आला, कोलन कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो झालेली ८८९ माणसं, त्यांतल्या निम्म्यांना तीन वर्षांचा व्यायामाचा कार्यक्रम. आठ वर्षांनी व्यायामाच्या गटातले ९०.३ टक्के हयात होते, नुसती आरोग्याची पुस्तिका मिळालेल्यांमधले ८३.२ टक्के. काकांचे डोळे चमकले. पण मला त्यांना दाखवायचं होतं ते वेगळंच. त्या कार्यक्रमात सुरुवातीचे सहा महिने समोरासमोर भेटी, पंधरा दिवसांनी एकदा, पुढे फोनवर किंवा व्हिडिओवर चाललं तरी चालेल, आणि दुसऱ्या वर्षापासून महिन्यातून एकदाच. म्हणजे हात हळूहळू सोडायचाच असतो, आणि बहुतेक व्यायाम माणसं आपापली करत होती. काका म्हणाले, "म्हणजे मला पण सोडणार तुम्ही?" तेव्हा कळलं की ते सेंटरला येत होते ते व्यायामासाठी नाही, तिथे कुणीतरी त्यांच्याकडे लक्ष ठेवून आहे म्हणून. त्यांना एकट्याने पाच मिनिटं चालायला लावणं हाच उपचार होता, आणि त्याला दोन महिने लागले. आणि हो, त्या अभ्यासात व्यायाम करणाऱ्यांमध्ये स्नायू-सांध्यांच्या तक्रारी थोड्या जास्त होत्या, १८.५ टक्के, दुसऱ्या गटात ११.५. हे पण मी सांगते, लपवत नाही, कारण पहिल्यांदा गुडघा दुखला की माणूस घाबरून सगळंच सोडून देतो.

आता ज्या बाईंनी विचारलं त्यांच्याकडे येते.

तुमची घरी करायची इच्छा ही पळवाट आहे असं मी धरून चालणार नाही. पसंती विचारलेल्या अभ्यासांमध्ये घरी करायला आवडेल म्हणणारे पेशंट भरपूर असतात, आणि व्यायाम कुठला आवडेल विचारलं तर चालणं सगळ्यात वर येतं. तुम्ही एकट्या नाही. पण एकदम कुणीच न बघता सुरू करू नका, निदान दोन-तीन वेळा फिजिओकडे जा, किंवा त्यांना व्हिडिओवर दाखवा, कारण पोटाच्या ऑपरेशननंतर काही गोष्टी शिकून घ्याव्याच लागतात. पलंगावरून सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठायचं. जोर लावताना श्वास कोंडायचा नाही, पोटावर ताण येतो. टाक्यांचं म्हणाल तर वरची त्वचा लवकर भरते, आतल्या थरांना जास्त वेळ लागतो, आणि तिथे हर्निया होऊ नये म्हणून सुरुवातीचे आठवडे जड उचलू नका म्हणतात. तुमचं नेमकं किती आठवडे आणि किती किलो, हे तुमच्या सर्जनना आकड्यातच विचारा, "जपून" ह्या शब्दावर समाधान मानू नका, जपून म्हणजे प्रत्येकाच्या घरी वेगळं असतं. स्टोमा, म्हणजे शौचासाठी पोटावर केलेली वाट आणि त्यावर लावलेली पिशवी, असेल तर हे आणखी बारकाईने विचारा.

घरी किती जोर लावायचा हे कळायला यंत्र लागत नाही. चालताना बोलता यायला हवं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरतो. २०१९ साली तज्ज्ञांच्या गटाने जी मार्गदर्शक सूत्रं दिली त्यात थकवा आणि उदासी कमी व्हायला आठवड्यातून तीन दिवस अर्धा-अर्धा तास असा मध्यम व्यायाम सांगितलाय, आणि जमलं तर दोन दिवस ताकदीचा. पण ते पोचायचं ठिकाण आहे, निघायचं नाही. तुम्ही पाच मिनिटांपासून निघा.

काही लोकांना मात्र मी घरी एकट्याने सुरू करू देत नाही, कितीही आवडत असलं तरी: हृदयाचा त्रास आहे, कॅन्सर हाडात गेलाय, केमोने पाय बधिर झालेत आणि तोल जातो, मेंदूचं ऑपरेशन होऊन फिट येतात, फुफ्फुसाचा भाग काढलाय. ह्यांच्यासाठी देखरेख हा पसंतीचा विषय नाही, निदान सुरुवातीला. आणि कुणासाठीही, ताप आला, जखमेतून पाणी आलं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, छातीत दुखलं, बसल्या जागी दम लागला, तर व्यायाम बंद करून त्याच दिवशी डॉक्टरना गाठायचं, उद्यावर टाकायचं नाही.

घरातले म्हणतात की तू करणार नाहीस, त्याबद्दल मला त्यांच्याशी बोलायला आवडेल, तुम्हाला चालणार असेल तर. मला वाटतं ते घाबरलेत, आणि भीती अशीच बाहेर पडते. आणि सेंटरला एखादी वाईट गोष्ट घडली असेल, कुणी काही बोललं असेल, नुसता तिथला वास नकोसा वाटत असेल तरी, ते सांगा, कारण सुटणारं असेल तर ते सोडवता येतं, ताईंचं अर्ध्या तासाच्या वेगळ्या वेळेत सुटलं.

एक गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत. घरी करायचाय म्हणता, पण घरी नेमका कुठे, कुठल्या खोलीत, किती वाजता, आणि त्या वेळी त्या खोलीत अजून कोण असतं? हे मला लिहून कळवा, मग फिजिओशी काय बोलायचं ते आपण मिळून ठरवू.